निधी परत जाईल

हे मी आजवर घरीही बोललो नाही. बांधकाम खात्यात असताना एका मार्चमध्ये मी चांगला धडधाकट फुटपाथ फोडून घेतला. तिथे भाजी विकणाऱ्या सखूमावशीने टोपली उचलता उचलता विचारलं होतं, "काय ओ साहेब, चांगला होता की! का फोडताय?"

"मावशी, एकतीस तारखेच्या आत खर्च झाला नाही तर निधी परत जाईल."

"मग जाऊ द्या की. ज्याचा आहे त्याच्याकडंच जाईल ना?"

मजूर हसले. मीही हसलो आणि बिलावर सही केली.

आज खिडकीतून पाहतोय, तोच फुटपाथ पुन्हा फोडताहेत. माझ्या वेळच्या फरशा, एकही तडा न गेलेल्या, ट्रॉलीत आपटताहेत. निधी म्हणजे ठेवा, असंच आम्ही धरून चाललो. सरकारने तो कर्ज काढून आणला होता, हे ठाऊक असूनही आमच्या कागदांवर कर्ज हा शब्द कधी आला नाही. शब्द बदलला की हात सैल सुटतो. आता तिजोरीतलं इतकं व्याजातच जातं, की समोरच्या सरकारी दवाखान्यात मावशीची रक्तदाबाची गोळी महिनोन्महिने येत नाही. ती रिकाम्या हाताने बाहेर पडते, नव्या खड्ड्याला वळसा घालते आणि माझ्या खिडकीकडे बघून हात करते. तिला वाटतं, साहेब भला माणूस.

तो निधी परत जायला हवा होता. मावशीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून तिला देणं लागतो.