पाकोळ्यांची फळी

जपानातल्या हागिवारा गावचं जुनं लाकडी स्टेशन पाडून नवं काँक्रीटचं उभं राहिलं, आणि छपराखालची पाकोळ्यांची घरटी गेली. फलाटावर नूडल्स विकणाऱ्या शिगेनो आजीचं पित्त खवळलं.

"मास्तर, वर एक फळी ठोका. पाखरं परत आली की बसतील कुठं?"

"आजी, नव्या स्टेशनच्या फलाटावर घाण नको," स्टेशनमास्तर कुरेबायाशी म्हणाले.

"फलाट कुणाचा? आम्ही गावच्या बायांनी पाठीवर माती वाहून बांधला, तेव्हा कुठं इथं गाडी थांबायला लागली. तुम्ही तेव्हा पाळण्यात होता!"

तरी मास्तर फळी काही ठोकेनात. शेवटी आजीनंच जुन्या स्टेशनची एक फळी शोधली, शिडी लावली आणि भर गर्दीत ठोकून टाकली. मास्तर ओरडत राहिले, प्रवासी शिडी धरून उभे राहिले.

वसंतात पाकोळ्या आल्या. एका सकाळी आजी बघते तर काय, लोकांच्या डोक्यावर शीट पडू नये म्हणून घरट्याखाली एक काळी छत्री उलटी टांगलेली!

"कुणाची हो?"

"माझी," मास्तर पुटपुटले.

"आणि पाऊस आला तर?"

"भिजेन."

आजी अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशी हसली. "हां! आता झालं हे आपलं स्टेशन."