थेंब बुडाला पाहिजे

रुपालीचं रक्त शिबिरात नाकारलं, हे चिंचपोकळीच्या त्या चाळीत कुणाला पटेना. अहो, दिवसभर फॉल-पिकोच्या मशीनवर वाकलेली, तरी कधी ‘दमले’ न म्हणणारी बाई ती! मुलाच्या, मयूरच्या, बाळंतपणात ती मरता मरता वाचली, ती कुणा परक्याच्या रक्ताच्या बाटलीवर. देणाऱ्याचं नावही ठाऊक नाही. तेव्हापासून मंडळाच्या शिबिरात दरवर्षी रक्त देऊन ती त्या अनोळखी माणसाचे पांग फेडत होती.

या सव्वीस जानेवारीला मात्र बोट टोचून काढलेला थेंब निळ्या पाण्यात पडला आणि खाली न जाता वरच घुटमळला. बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर पातळ. मंडळाच्या पोरांनी तरीही बिस्किटांचा पुडा पुढे केला. तो घ्यायला तिचा हात काही उठेना.

घरात खाण्याची ददात होती का? मुळीच नाही. बांगडे यायचे, अंडी यायची, सासू मीराबाई गावाहून कुळीथ, नाचणी मागवायची. पण वाढणारी रुपाली. मधले तुकडे नवऱ्याला आणि मयूरला, हिच्या ताटात शेपटी आणि उरलेलं कालवण. दुपारी दुकानात चहा-बटर. पोट भरल्याशी कारण!

आता मात्र तिनं मनावर घेतलं. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणल्या, लाल माठ, कुळथाची पिठी, गूळ-शेंगदाणे सुरू केले. उन्हाळ्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन जिथल्या तिथे. बिचारी रडकुंडीला आली. दवाखान्यातल्या डॉक्टर प्रितीनं विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? कशाबरोबर म्हणजे? चहाबरोबर! डोकेदुखीची असो की तापाची, त्या घरात चहाशिवाय गोळी कधी कुणाच्या घशाखाली उतरलीय? वर जेवणावर अर्धा कप हवाच. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. चहा लोह अंगी लागू देत नाही, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा जेवणापासून लांब ठेवा, असं तिनं बजावलं.

घरी येऊन रुपालीनं सगळं सांगितलं. मीराबाई स्वतः जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेली, सुनेलाही तिनंच ते वळण लावलेलं. पण पानं घेतल्यावर तिनं सुनेच्या हातातली पळी काढून घेतली.

“आदी तू जेव. मगे बाकीच्यांका.”

मयूरनं बापाकडे पाहिलं, बापानं ताटाकडे. बांगड्याचा मधला तुकडा रुपालीच्या ताटात पडला. सुरुवातीला तिला घास गिळताना लाज वाटायची. मग सवय झाली. चहाची वेळ पुढे ढकलली की चिडचिड मात्र करायची, ती घरच्यांनी सोसली.

गणपतीआधी पुन्हा शिबिर लागलं. रुपाली सासूला सोबत घेऊन गेली. पुन्हा बोट टोचलं, पुन्हा ते निळं पाणी. त्या पाण्याचं गणित मीराबाईला कुणी समजावलंच नव्हतं. थेंब सरळ तळाला जाताना पाहून म्हातारीचा चेहरा पडला.

“बुडालो गो,” ती पुटपुटली.

“हो आई, बुडाला,” रुपाली म्हणाली, आणि भरल्या डोळ्यांनी हसत, बाही वर सरकवत खाटेकडे गेली.