लिंबू नसलेलं मशीन

ऑर्व्हिल ट्रास्कला माणसांपेक्षा यंत्रं बरी कळतात, असं त्याची बायको लव्हॉन चारचौघांत सांगायची, आणि तो भला माणूस ते कौतुक समजायचा. स्पार्क्स शहरातल्या निम्म्या कॅसिनोंतली, नाणं टाकून दांडा ओढायची स्लॉट मशीन त्याच्या हाताखालून गेली होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात जाड कागदाची पट्टी. ती पट्टी विजेच्या दोन टिकल्यांमधून ओढली की रुसलेलं मशीन पुन्हा चालू. लोक मशीनला लाथा घालत आणि नशिबाला बोल लावत. ऑर्व्हिल म्हणे, बहुतेकांचं नशीब म्हणजे काजळी धरलेली टिकली असते.

लव्हॉन त्यांतल्याच एका कॅसिनोत सुट्टे द्यायची. कमरेला नाण्यांचा जड पट्टा बांधून ती दिवसभर मशीनांच्या रांगांतून फिरायची. बाई मोठी फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. दोघं निवृत्त झाली तेव्हा भंगारात निघालेलं एक मशीन ऑर्व्हिलने घरी आणलं. मग रोज जेवणं झाली की लव्हॉन वाटीभर नाणी घेऊन त्याच्यापुढे बसे. जिंकलेली नाणी पुन्हा त्याच्याच पोटात जात. हाती काही लागत नव्हतं, पण तिची दुपार मजेत जाई.

गेल्या हिवाळ्यात तिला झटका आला. उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली. उरलं ते ‘हं’ आणि ‘नाही’. फटकळ माणूस गप्प झालं की घर किती ओकंबोकं होतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. शेजारची जोसेफिना रोज सूप घेऊन यायची आणि बाळाशी बोलावं तसं लाडेलाडे बोलायची. लव्हॉन भिंतीकडे तोंड फिरवायची. ऑर्व्हिलही हळूहळू तसाच बोलायला लागला होता, आणि त्याचं त्यालाच ते कळत नव्हतं.

मशीनचा दांडा उजवीकडे होता. तिची खुर्ची वळवून लावली तर डावा हात पोचे, पण मग चित्रांची चाकं दिसत नसत, आणि न दिसणाऱ्या चाकांत कसली आली गंमत? एकदा त्याने स्वतः दांडा ओढून तिला नुसतं बघायला बसवलं, तर तिने डोळे मिटून घेतले. ते मिटलेले डोळे त्याच्या काळजाला लागले. दांडा डावीकडे न्यायचाच, असं त्याने ठरवलं.

सोपं काम नव्हतं ते. दांडा ओढला की आत तिन्ही चाकांना एकदम लाथ बसते, मोटर घरघरते, आणि मग चाक थांबवणारी एकेक अडणी त्याच्या खाचेत पडते: खट्, खट्, खट्. ती लाथ पलीकडच्या बाजूने द्यायची, तर मागच्या अंगाने आडवी सळई न्यायला हवी. ऑर्व्हिलने गॅरेजमध्ये ठाण मांडलं, पेटीला भोक पाडलं, सळई घासून घासून बसवली, आणि एके दिवशी दांडा डावीकडून लोण्यासारखा खाली आला. इथवर सगळं शहाणपणाचं होतं.

मग त्याला दुर्बुद्धी सुचली. चाकांवर चेरी होत्या, घंटा होत्या आणि लिंबं होती. लिंबू आलं की हरलं. प्रत्येक चित्राची वेगळी खाच. पूर्वी काही लबाड मालक बक्षिसाच्या चित्राच्या खाचेत पत्र्याचा बारीक तुकडा दडवत. अडणी त्या खाचेत पडतच नसे आणि मोठं बक्षीस कुणाला लागतच नसे. कारागीर त्या तुकड्याला किडा म्हणत. असा किडा बसवायला सांगितला म्हणून ऑर्व्हिलने एकदा चांगली नोकरी सोडली होती. त्याच हातांनी त्याने आता लिंबांच्या सगळ्या खाचा किड्यांनी बुजवल्या. बिचारीला आता तरी दोन सुखाचे क्षण मिळू देत, एवढंच त्याच्या मनात होतं. प्रेमच होतं ते, पण आंधळं.

दुपारी लव्हॉनने डाव्या दांड्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि ओढला. तीन घंटा. नाणी खळखळली, जोसेफिनाने टाळ्या पिटल्या. पुन्हा ओढला, चेरी. पुन्हा घंटा. लव्हॉनच्या चेहऱ्यावर उमटलेलं हसू मात्र उतरत गेलं. ती पुढे वाकून अडण्यांची खट्-खट् कान देऊन ऐकू लागली, आणि मग तिने हात खाली घेतला.

“लिंबू,” ती म्हणाली. “लिंबू... कुठंय?”

इतक्या महिन्यांनी तिच्या तोंडून नवा शब्द आला होता, आणि ऑर्व्हिलला धड आनंदही होईना. तो चाचरत म्हणाला, “आज तुझं नशीब जोरात आहे गं.”

“कि... डा,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. “मी बाळ... नाही.”

जोसेफिना सूपाचं भांडं उचलून घरी गेली. ऑर्व्हिल गुडघ्यांवर बसला.

“चुकलं माझं. तुला हरताना मला बघवलं नसतं, लव्हॉन.”

“मला... बघवेल.”

त्याने तिच्यादेखत मशीन उघडलं आणि चिमट्याने एकेक किडा काढून तिच्या मांडीवरच्या रुमालात टाकला. शेवटच्या चाकावरचा एक त्याने हळूच तसाच ठेवला. जित्याची खोड नव्हे ही, नव्याने जडलेली. लव्हॉनने बोट दाखवलं. “अजून.” तोही निघाला.

मग ती खेळली आणि हरली. पुन्हा हरली. गालांवर जरा रंग चढला, मान ताठ झाली. ऑर्व्हिल खुर्चीमागे उभा राहून कौतुकाने बघत होता. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

“जा. पनोती.”

कारागीर मागे उभा राहिला की मशीन रुसतं, असं कॅसिनोत सगळेच मानत आणि त्याला हाकलून देत. लव्हॉन सर्वांत आधी, सर्वांत मोठ्याने. इतक्या आनंदाने ऑर्व्हिल आजवर कधी हाकलला गेला नव्हता. तो स्वयंपाकघरात गेला आणि आपलं रडणं बाहेर जाऊ नये म्हणून त्याने नळ सोडला.

बाहेर दांडा खाली आला. मोटर घरघरली. मग पाण्याच्या आवाजावर मात करत लव्हॉनची एक सणसणीत शिवी आली, लांबलचक, एकाही अक्षराला न अडखळता.

ऑर्व्हिलने नळ बंद केला आणि पुढची ऐकायला दाराशी येऊन उभा राहिला.