उभ्या वहिनी

नवऱ्याच्या ऑफिसात तिला 'उभ्या वहिनी' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण नवऱ्यानेच एकदा हसत हसत ते घरी आणून सांगितलं होतं. तीही हसली होती. न हसून करते काय?

नवऱ्याचं काम पाहणीचं. कुठे सामने व्हायचे असले आणि ते टीव्हीवर दाखवायचे असले, की कॅमेरेवाल्यांच्या पंधरा दिवस आधी हा तिथे पोचायचा. कधी न पाहिलेलं मैदान, कधी न चढलेल्या पायऱ्या. कॅमेरा कुठे बसवायचा, वीज कुठून घ्यायची, कुठला खांब आडवा येतो, सगळं कागदावर उतरवून द्यायचा. पण रिकाम्या मैदानात कळणार काय? माणूस दिसतो की नाही ते बघायला आधी माणूस हवा. ऑफिस जोडीला कुणी देईना, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो बायकोला न्यायचा.

"अगं, तिथे उभी राहा. हं, आता त्या कोपऱ्यात. आता चाल. सावकाश, भाजी आणायला नाही निघालीस."

सोळा वर्षं ती अशी उभी राहिली. धावपट्टीवरून चालताना ती देवाचं नाव घ्यायची. एका फेरीत किती वेळा होतं तेही तिला पाठ झालं होतं. शेजारणीला म्हणायची, "माझ्याइतकी मैदानं कुठल्या खेळाडूने पाहिली नसतील. खेळ तेवढा एकही पाहिला नाही."

या सोळा वर्षांत नवऱ्याची नोकरी दर वर्षी नव्या कागदावर नव्याने सुरू व्हायची. वर्षअखेर आली की त्याचं जेवण कमी व्हायचं आणि आवाज चढायचा. यंदा मात्र मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता. पोहण्याचे सामने नीट पार पडले की तुम्हाला पक्कं करतो. तिने तेवढंच देवाकडे मागितलं होतं, दुसरं काही नाही.

तो तरणतलाव दोघांनाही नवा होता. छप्पर असलेला, आणि पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. अकरा वाजता दोघं आत शिरले. नवरा पूर्वेच्या खुर्च्यांत वर चढून बसला आणि ती काठाकाठाने चालू लागली.

"दिसतेय का मी?"

"लख्ख दिसतेयस. मुख्य कॅमेरा इथेच."

ती वर आली तेव्हा तिचं लक्ष खुर्च्यांकडे गेलं. तलावाभोवतीच्या सगळ्या खुर्च्या निळ्या, आणि नवरा बसला होता त्या बाजूच्या चार रांगा विटून पांढुरक्या झालेल्या. घरातला पडदा असा एकाच कडेने विटला, की ऊन कुठून येतं ते बाईमाणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

"अहो, इथे दुपारनंतर ऊन मारत असणार. समोरच्या काचेतून, थेट. खुर्च्या बघा की."

"खुर्च्या जुन्या आहेत."

"मग त्या पलीकडच्या काय काल आणल्या? सामने साडेपाचला आहेत ना? पाचपर्यंत थांबू या. मी डबा आणलाय."

खरं तर नियमच तो होता. सामन्याची जी वेळ, त्या वेळेला जागा पुन्हा एकदा बघायची. पण सुट्टीचा दिवस होता, आणि त्याला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

"तुला उभं राहायला आणलंय, अक्कल शिकवायला नाही," तो म्हणाला आणि त्याने टेप गुंडाळली.

डबा तिने घरी येऊन उघडला. तो जेवला आणि चार वाजेपर्यंत घोरत होता.

सामन्याच्या दिवशी ती टीव्हीपुढे बसली. साडेपाचला अंतिम शर्यत सुरू झाली आणि पाण्याचा नुसता पत्रा झाला. लखलखता, कोरा पत्रा. पोहणाऱ्या मुली त्या उजेडात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. पहिली कोण आली ते फलकावर आकडे झळकले तेव्हा कळलं. तिने टीव्ही बंद केला. आपलं खरं ठरल्याचा आनंद मनात डोकावला, आणि तिची तिलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा मोठ्या साहेबांना घेऊनच घरी आला. पाहणीचे कागद घरात होते. साहेबांनी ते उलटेपालटे केले.

"साडेपाचची पाहणी कुठाय?"

तिने चहा ठेवला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"थांबणारच होतो साहेब. पण हिचं डोकं दुखायला लागलं. उन्हाचं तिला सोसत नाही. घरी चला, घरी चला, असा धोशा लावला. म्हटलं, बाईमाणूस, उगाच चक्कर येऊन पडायची."

"हो का हो वहिनी?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायचं नाही, हा तिचा जन्माचा हट्ट. त्यापायी सासरी आल्यापासून तिने बोलणी खाल्ली, दोन मैत्रिणी गमावल्या. पण आता सोळा वर्षांची नोकरी त्या एका शब्दावर लोंबत होती.

"हो," ती म्हणाली. "माझंच डोकं दुखत होतं."

साहेब हसले. "अहो, म्हणून म्हणतो, कामात बायको आणू नये. जाऊ दे. माणूस कामाचा आहे, घरच्यांपुढे त्याचं काही चालत नाही, एवढंच. यापुढे एकट्याने जायचं, काय?"

"एकट्याने साहेब. कानाला खडा."

महिन्याभरात तो पक्का झाला. पेढ्यांऐवजी ऑफिसात तिचं डोकं वाटलं गेलं असणार, कारण भेटेल तो विचारू लागला, "काय वहिनी, डोकं कसंय?" नवराही हसायचा. त्या दिवशी काय घडलं, हे तो विसरला की विसरायचं ठरवलं, देव जाणे. देवासमोर हात जोडून बसली की तिला नाव आठवायचं, पण पुढे जीभ रेटायची नाही.

मग एका सुट्टीला तो नव्या मैदानावर एकटाच जाऊन आला. कधी नव्हे ते तिच्याजवळ बसला, मोबाइलवरचे फोटो पुढे धरले.

"बघ ना जरा. सामना चारला आहे. या कोपऱ्यात ऊन येईल का गं?"

फोटोत उजवीकडच्या भिंतीचा रंग अर्धा उडालेला होता. तिला तो लगेच दिसला. तिने फोन हळूच त्याच्याकडे सरकवला आणि उठली.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "माझं डोकं दुखतं."