आईकडं जाणारी वाट

सोनपेठच्या बसस्टँडसमोर एका माणसाचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. बोटांना कायम शाई असते, म्हणून तो टॅबला फक्त करंगळी लावतो. आमच्या शाळेसाठी त्यानं एआय वापरून चित्रगोष्ट तयार केली होती. पुढं काय व्हावं ते मुलानं सांगायचं आणि मशीननं त्याचं चित्र काढायचं. मुलांसारखी वेडीवाकडी उत्तरं देत तो ती गोष्ट तासन्‌तास तपासायचा.

शिक्षण खात्याचे साहेब ती पाहायला येणार, त्या सकाळीही तेच चाललेलं. मी चिडलो, "अहो, पुरे आता."

"सर, मशीन काय काढंल त्याचा नेम न्हाई."

साहेबांसमोर चौथीतली एक मुलगी बसली. तिचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. गोष्टीतली मुलगी नदीपाशी येताच ती म्हणाली, "तिला आईकडं जाऊ द्या."

चित्र वरून खाली सावकाश उमटू लागलं. आधी ऊस दिसला, मग उलटलेली ट्रॉली. ट्रॉलीखाली पदराचं टोक दिसू लागलं, तोच त्यानं अख्खा पंजा पडद्यावर दाबला.

"हात काढा, बघू द्या," साहेब म्हणाले.

"न्हाई काढत, साहेब."

साहेबांनी पुन्हा सांगितलं. तो पंजा तसाच ठेवून मुलीशेजारी खाली बसला.

"चुकलं माझं, बाळा. तुझी आई कशी दिसती, तूच सांग."

मुलगी हळूहळू सांगू लागली. साहेब उठून निघाले. त्यांना गाडीपर्यंत सोडायला मी गेलो नाही.