खाली बसवलेली गाडी घेऊन सुरतेहून राळेगावला

ताईचा फोन आला, "लायसन आलं रे," आणि मी त्याच दिवशी मालकाकडे सुट्टी मागितली. दिवाळीत आम्हाला सोडत नाहीत, दिवाळी झाली की सोडतात. चार दिवस मिळाले.

मी सुरतेत कापडाच्या गोदामाचा टेम्पो चालवतो. आठवीत शाळा सुटली, मग नागपूर, पुणे, वापी असं फिरत इथं तीन वर्षं टिकलो. माझ्या मानानं हे लयच झालं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण वंदना. राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात दिली आहे. तिच्या गावातल्या पाच पोरी राळेगावला अकरावी-बारावीत आहेत. सकाळची एसटी पोचते तोवर कॉलेजचा पहिला तास झालेला असतो, नि संध्याकाळची येते तेव्हा अंधार पडतो. घरोघरी हाच वाद, पोरीला किती दिवस असं पाठवायचं. कोण्या माणसाच्या गाडीत पाठवायला बाप तयार नव्हते. ताई म्हणाली, "अन् मी चालवली तं?" तेव्हा पाचही घरं हो म्हणाली. ताई यवतमाळला जाऊन गाडी शिकली. सोमवारपासून सुरू करायचं ठरलं. फक्त गाडी नव्हती, ती मी घेतली.

तेरा वर्षं जुनी, पांढरी, छोटी गाडी. एका दलालाच्या आवारातून लाखाच्या थोडी आत मिळाली. पहिल्या मालकानं तिला स्पोर्ट सस्पेन्शन टाकलं होतं, म्हणजे आखूड, कडक स्प्रिंगा आणि तसेच शॉकअप. गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी खाली बसलेली. स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागायचा, आणि खड्डा आला की डाव्या बाजूनं टक् वाजायचं. दलाल म्हणाला, स्पोर्ट आहे, वाजणारच, शॉकअप थकलेत, बदलून घे. मीही सगळ्यांना तेच सांगत सुटलो. मला ती तशीच आवडायची, खोटं कशाला बोलू. सिग्नलला पोरं वळून पाहायची. पण पाच पोरी दाटीवाटीनं बसवून खेड्याच्या रस्त्यावर ती पोट घासणार हे कळत होतं. म्हणून गावाकडे गेल्यावर साधे, उंच शॉकअप टाकायचे ठरवले. तिकडे मजुरी कमी लागते.

शुक्रवारी पहाटे निघालो. बारडोली, व्यारा, सोनगढ, रस्ता गुळगुळीत. नवापूरला चहा घेतला आणि महाराष्ट्र लागला. पुढं कोंडाईबारीचा घाट. ट्रकांच्या मागं मागं जावं लागतं, ओव्हरटेक करायची घाई करू नका. मी केली. दोन वळणं जोरात घेतली, गाडी जराही झुकली नाही, मी एकटाच गाडीत "वा!" म्हणून ओरडलो.

धुळ्याच्या बाहेरून निघून जळगावच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. दीडशे रुपये, सोबत दोन भाकरी, डोळ्यातून पाणी. ढाब्यावरचा एक ट्रकवाला गाडीभोवती फिरून म्हणाला, "भाऊ, हिच्याखालून उंदीर तरी जातो का?" मी म्हटलं, "स्पोर्ट आहे." तो म्हणाला, "उंदीर का गाडी?" आजूबाजूचे हसले, मीही हसलो.

मुक्ताईनगरपासून अकोल्यापर्यंत रस्ता चांगला, पण उड्डाणपुलांच्या जोडावर माझी गाडी एवढी आपटायची की दात वाजायचे. आणि टक्. अकोल्याला लॉजवर थांबलो, सहाशे रुपये, खोली बरी. पेट्रोल सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेलं. टोल वेगळा.

शनिवारी मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळ. हा रस्ता कुणी मला विचारला तर सकाळचाच सांगेन. दोन्हीकडे कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया ओळीनं चाललेल्या. दारव्ह्याच्या पुढं मात्र खड्डेच खड्डे, मी गाडी अक्षरशः हातात धरून नेली. यवतमाळला तर्री-पोहे खाल्ले, चाळीस रुपये, आणि पार्ट्सच्या दुकानातून पुढचे दोन शॉकअप नि साध्या उंचीच्या स्प्रिंगा घेतल्या. सात हजारांच्या आत भागलं. मागचे पुढच्या महिन्यात बघू म्हटलं.

गॅरेज कळंबला होतं, मुख्य रस्त्याला लागून, निंबाच्या झाडाखाली. मिस्तरी शकीलभाई, भाऊजींच्या ओळखीचे, एक मिनिट गप्प न बसणारे. भाऊजी आणि ताई मोटरसायकलवर आधीच येऊन बसले होते. इथून गाडी ताईनंच घरी न्यायची, असं तिचं म्हणणं. ताईनं गाडीला हात लावला, दार उघडून बसली, आरसा स्वतःच्या उंचीला वळवला.

"जय भीम तं म्हण आधी, ड्रायव्हर बाई," मी म्हटलं.

"जय भीम, बापू. आता उतर म्हणू नोको मले," ती म्हणाली.

शकीलभाईंनी तिला उतरवलंच. गाडी एक फेरी मारून आणली. "इंजन तं मक्खन हाय. बॉडी टाइट. फकत शॉकअप गेले."

मी विचारलं, हे जुने दुरुस्त नाही होत का? ही माहिती वाचणाऱ्यांच्याही कामाची आहे. ते म्हणाले, "साधे असते तं आतलं तेल, सील बदलून देलं असतं, चार-सहा महिने चालले असते. हे गॅसवाले, बंद डबा. मेला का मेला."

आधी उजवा काढला, नवा बसला, काही तक्रार नाही. मग डावा. स्प्रिंगला शिकंजा लावून दाबली, सुटी केली, आणि शकीलभाई हसायलाच लागले. स्प्रिंगच्या खाली जाड लोखंडी चकत्या होत्या, एकावर एक, वर रबराचं कडं. "पहिल्या मालकानं चहाच्या बशा भरल्या काय बे इथं? एका पायात चप्पल, एका पायात बूट!"

चकत्या फेकून त्यांनी नवा शॉकअप बसवला, जॅक खाली घेतला. गाडी उजवीकडे उभी राहिली आणि डावीकडे बसली. चांगली दोन बोटं. स्प्रिंगा तर दोन्ही नव्या, सारख्या. शकीलभाईंचं हसू थांबलं. बोनेट उघडून, शॉकअपचं डोकं ज्या पत्र्याला आतून बसतं तिथले नट त्यांनी परत आवळले. कर्र असा आवाज झाला. पत्र्यावरून ज्वारीच्या भाकरीएवढा तुकडा निसटून खाली पडला आणि फुटला.

तो पत्रा नव्हताच. पुट्टी होती, वरून पांढरा रंग. आणि जिथून ती पडली तिथं गाडी निळी होती.

"पांढऱ्याखाली निळा कसा?" ताईनं विचारलं.

शकीलभाईंनी पेचकस घेऊन आणखी खरवडलं. निळा, निळाच. मग दार उघडून पुढच्या सीटखालचं कार्पेट ओढून काढलं. फरशीवर या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगची जाड, वाकडी रेष गेलेली. रेषेच्या अलीकडे पांढरं, पलीकडे निळं. डावीकडे, ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला, टाके उघडले होते. माझं बोट आत गेलं. खाली मला जमीन दिसली.

"ह्या दोन गाड्या हायेत," शकीलभाई हळू म्हणाले. "कोण्या आपटलेल्या निळ्या गाडीचं पुढचं, कोण्या पांढरीचं मागचं. थे टक् शॉकअपचं नाही वाजे, ह्या उघडल्या टाक्यायचं वाजे. अन् हे स्पोर्ट-बिर्ट शौकाचं नव्हतं भाऊ. गाडी वाकडी उभी राह्यते, दिसू नये म्हून खाली बसवली अन् चकत्या भरल्या."

मी तिथंच टायरवर बसलो. कोंडाईबारीचा घाट आठवला. अख्ख्या रस्त्यात माझे पाय एका गाडीत होते आणि पाठ दुसरीत. मी रोज गाडी चालवणारा माणूस, टेम्पोचा आवाज ऐकून क्लचप्लेट किती उरली सांगतो, आणि मी या गाडीखाली एकदा वाकून पाहिलं नव्हतं. सिग्नलला पोरं पाहत होती ना.

भाऊजी पहिले सावरले. "पक्की वेल्डिंग मारून द्या शकीलभाई. सोमवार तोंडावर आहे."

"मारतो. कोणं बी मारून देईन. पण जुना पत्रा, पकड किती धरन, मले नाही सांगता येत. दोन वर्सं चालन, नाहीतं दोन कोस."

ताई म्हणाली, "तुमची पोरगी बसवसान काय इच्यात?"

"माह्यी पोरगी एसटीनं जाते, बाई," शकीलभाई म्हणाले आणि दुसरीकडे पाहायला लागले.

तेवढ्यात बाजूच्या टपरीवर चहा पीत हे सगळं पाहणारा एक जण पुढं आला. अंगात पांढरा सदरा, जुन्या गाड्यांचाच धंदा करत असावा. म्हणाला, पुट्टी मारून द्या, साठ हजार आत्ता रोख देतो. भाऊजी माझ्याकडे पाहायला लागले. मला, खरं सांगतो, साठ हजार ऐकून बरं वाटलं. ज्याच्याकडून आली तशीच जाईल, आपलं नुकसान कमी होईल, साठात आणखी थोडे घालून दुसरी घेता येईल, सोमवार नाही तर पुढचा सोमवार. डोक्यात हिशोब पळायला लागला.

ताई मात्र खाली जमिनीवर आडवी झाली. साडीचा पदर कमरेला खोचून, तेलाच्या डागात, गाडीखाली डोकं घालून. शकीलभाई "अवो बाई, अवो" करत राहिले. ती बोटानं ती रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत गेली. बाहेर आली तर केसांत माती.

"कापा," ती म्हणाली.

"काय?"

"ह्याच रेषेवर कापा. इथंच जोडली नं?"

"वंदे, येडी झाली काय?" भाऊजी ओरडले. "साठ हजार देऊन राह्यला तो मानूस!"

"अन् थो कोणाले विकन? त्या गाडीत कोणाच्या पोरी बसतीन?" मग ती माझ्याकडे वळली. "पैसे तुह्ये आहेत, बापू. तू सांग."

सगळे माझ्याकडे पाहत होते, पांढऱ्या सदऱ्याचा माणूससुद्धा. मी रात्रपाळ्या करून साठवलेले पैसे होते ते. मान हलवली. हो म्हणून हलवली, की नुसती हलली, मला आजही सांगता येत नाही. ताईनं हो धरलं.

आधी पेट्रोलची टाकी, इंजिन, टायर, सीटा, काच काढून घेतली. मग शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा गॅस कटर आणला. मला वाटलं होतं तास-दीड तास लागेल. ठिणग्या उडायला लागल्या आणि मागवलेला चहा प्यायच्या आत गाडी दोन तुकडे होऊन निंबाखाली पडली. एवढ्यावर मी सुरतेहून आलो होतो. सदऱ्याचा माणूस "डोकं फिरलं लोकायचं" म्हणत निघून गेला. शकीलभाईंनी मजुरी घेतली नाही. नवे शॉकअप त्यांनीच ठेवून घेतले, गिऱ्हाईक लागेल म्हणाले. इंजिन आणि बाकी सामान मिळून जे आलं ते अर्ध्याच्याही खाली होतं. आरटीओतून गाडीचं नाव काढायचं काम भाऊजींनी रागारागात का होईना, अंगावर घेतलं.

रविवारी ताईसोबत पाचही घरी गेलो. मला वाटत होतं, खरं सांगितलं तर लोक पाठ थोपटतील. दोन घरांत थोपटलीही. तिसऱ्या घरी पोरीची आईच पुढं झाली, "दुसरी गाडी केव्हा येते थे सांग." चौथ्या घरी पोरीचा बाप सगळं ऐकून म्हणाला, "हे आमाले सांगतलंच कायले, बाई? चालली असती गाडी. आता माह्या मनात भेव बसलं. आता नाही पाठवत." पोरगी दारातच उभी होती. तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि आत गेली. मला त्या माणसाचं इतकं नवल वाटलं की मी बाहेर येऊन ताईला विचारलं, असं कसं बोलतो हा? ताई म्हणाली, "त्याले कारण पाह्यजे होतं. आपण देलं."

संध्याकाळी यवतमाळहून ट्रॅव्हल्सनं परत निघालो, चौदाशे रुपये. सुरतेत उतरल्यावर खोलीवर न जाता आधी दलालाच्या आवारात गेलो. तिथं आता कोणी नाही. फाटकाला कुलूप आहे, फोन बंद आहे, शेजारचा पानवाला म्हणतो, असे लोक महिन्याला जागा बदलतात.

कुणी जुनी गाडी घेऊन लांब जायचं ठरवत असेल तर माझं एवढंच ऐका. रंग, आवाज, सीट कव्हर पाहू नका. कार्पेट उचला. बोनेट उघडून शॉकअपच्या डोक्याभोवतीचा पत्रा बोटानं ठोकून पाहा, दोन्ही बाजूला आवाज सारखा यायला हवा. आणि गाडी खाली बसवलेली असेल तर विचारा, का बसवली.

ताईनं राळेगावच्या एकाचा ऑटो भाड्यानं घेतला, मी महिन्याला थोडे पाठवतो. काल दुपारी तिचा फोन आला, कॉलेजच्या फाटकातून.

"तू आला नसता तं मी सोमवारी त्याच गाडीत बसवल्या असत्या त्याईले," ती म्हणाली.

"मी आलो म्हणून तर ती गाडी आली, ताई."

ती हसली. "हे बी खरं हाय."

मागून पोरींचा गलका आला. "ताई, चला नं, भूक लागली!" मी विचारलं, किती आहेत आता? ती म्हणाली, तीन. चौथीचं तर माहीत होतं. पाचवीच्या बापाला ऑटोत पोरगी पाठवणं बरं दिसत नाही म्हणे. चौथीला माघ महिन्यात पाहायला येणार आहेत.

ताईनं ऑटो सुरू केला, त्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. मी टेम्पोत चावी हातात धरून बसलो होतो. मागून हमाल ओरडत होते, माल भरून झाला, निघ. मला गाडी सुरू करायला वेळ लागला.