सात टोप्या

"कपड्यांसकट उतरलीस? सगळं पाणी खराब केलंस! आधी बाहेर हो!"

स्विमिंगचे सर माझ्यावर ओरडले तेव्हा अन्वी माझ्या खांद्यावर ओकत होती. आधी पाणी, मग चारला प्यायलेलं दूध. सहा वर्षांची पोर. तिची नखं माझ्या मानेत रुतली होती. माझी ओढणी सुटून पाण्यावर पसरली होती आणि तिचा लाल रंग निळ्या पाण्यात उतरत होता. सगळे त्या रंगाकडे बघत होते. पोरीकडे कोणी बघत नव्हतं.

"सर, बाकीच्यांना काढा आधी बाहेर," एक आई म्हणाली. "इन्फेक्शन व्हायचं."

मी पोरीला घेऊन कडेला आले. मला कोणी हात दिला नाही. मी तिला आधी वर ठेवलं, मग स्वतः कोपरांवर जोर देऊन वर चढले. ड्रेस अंगाला चिकटला होता. अन्वीला अंगावर दोन टॉवेल मिळाले. मला एकही नाही.

मी नेरूळच्या त्या सोसायटीत अन्वीला सांभाळायचं काम करत होते. शाळेतून आणायचं, खायला द्यायचं, पाच वाजता खाली स्विमिंगच्या क्लासला न्यायचं. मॅडम मला मावशी म्हणायच्या. मॅडम माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. तरी मावशी मीच.

क्लासचा नियम भिंतीवर लावलेला होता. मी चौथी शिकलेली, मराठी वाचता येतं. "पालकांनी पूर्ण वेळ पाण्याच्या कडेला हजर राहावे." रजिस्टरमध्ये रोज सही करायची, पालक हजर म्हणून. आणि कडेला फक्त पालकांनी बसायचं. आम्हा बायांसाठी काचेच्या भिंतीबाहेर बाक होता, चपलांच्या रॅकशेजारी.

पण पाच वाजता मॅडम वर जिममध्ये असायच्या. पहिल्या आठवड्यात त्या सही करून जायच्या. मग एकदा मला म्हणाल्या, "मावशी, सही तुम्हीच करत जा ना माझी. सोप्पी आहे." त्यांनी मला कागदावर दाखवली. इंग्रजीत, एका दमात काढलेली, शेवटी शेपटी. मी घरी माझ्या पोरीच्या जुन्या वहीत गिरवली. चार दिवसांत हुबेहूब आली.

मला अभिमान वाटला होता. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला होता. इंग्रजी सही करतेय मी! रोज ती शेपटी काढताना मी एक मिनिट मॅडम व्हायचे. मग रजिस्टर मिटायचं आणि मी काचेबाहेर जायचे.

कागदावर मॅडम आत. खऱ्या मॅडम वर. आणि मी चपलांजवळ.

मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. गुलाबी टोपी, डोळ्यांना चष्मा, पायाला चरे पडू नयेत म्हणून रबरी जोडे. सर प्रत्येकाला हाताखाली धरून तरंगवायचे आणि "गुड, गुड" म्हणायचे. एकदा अन्वी तोंड पाण्यात घालायला घाबरली आणि रडली. मला बरं वाटलं. त्याच पोरीला मी रोज हाताने भरवायचे, आणि मला बरं वाटलं. असा होता माझा हेवा.

कारण पाणी माझं होतं. माझा बाप मिठागरावर मजूर होता. ज्यांची जमीन होती त्यांना पुढे प्लॉट मिळाले, बिल्डिंगा झाल्या, गाड्या आल्या. आमची जमीन नव्हती. मिठागर गेलं तसं आमचं काम गेलं, एवढंच. आता तिथे टॉवर आहेत. आमची खोली अजून गावठाणात, सानपाड्याच्या बाजूला.

मिठागराच्या बांधाला उघाडी होती. लाकडी दार, भरतीचं पाणी आत घ्यायचं. भरती आली की आम्ही पोरं त्या तोंडाशी उड्या मारायचो. कोणी शिकवलं नाही. पण एक पद्धत होती. एक बाई बांधावर बसायची आणि डोकी मोजायची. त्या वेळी तिने दुसरं काही करायचं नाही. जाळं विणायचं नाही, भाजी निवडायची नाही. आणि बोलायचं नाही, म्हणून तोंडात मिठाचा खडा धरायचा. तोंडात खडा असलेल्या बाईशी कोणी गप्पा मारत नसे. बहुतेक वेळा ती बाई माझी आई असायची.

मी मोठी झाले तेव्हा तिने मला बसवलं आणि सांगितलं, "वरडतो तो बुडत नाय. गप झाला त्याच्याकं बघ. दोनदा मोज. तिसऱ्यांदा मोजायचा नाय गो, पान्यात उरी मारायची."

आणि ह्याच आईच्या नातीला पोहता येत नाही. माझी तनू नऊ वर्षांची आहे. तिने पाणी पाहिलं ते बादलीत आणि टँकरमध्ये. मे महिन्याच्या सुट्टीत तिला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून मी एकदा बरोबर आणली. आत जायच्या वाटेवर पाय धुवायचा उथळ हौद आहे. तिने त्यात पाय घातले. नुसते पाय. सर म्हणाले, "ए, कोणाची आहे ही? काढ तिला. मेंबरांसाठी आहे ते."

तनूने पाय काढले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मी लाजाळू आहे. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी मला मॅडमचा राग आला नाही, सरांचा आला नाही. मला अन्वीचा हेवा वाटला, कारण ती त्या हौदातून न बघताच उडी मारून पलीकडे गेली.

तरी मी मोजायचे. काचेबाहेरून. सवय ती सवय. त्या बॅचला सात पोरं होती. सात टोप्या. बाकावर माझ्या शेजारी बसणारी लता दुसऱ्या मजल्यावर काम करते, ती चिडवायची. "काय गं, सीसीटीव्ही लागलाय का तुझ्या डोळ्यात? जरा मोबाईल बघ, जीव रमव." मी हसायचे आणि मोजत राहायचे.

त्या दिवशी दुसरे सर रजेवर होते. एकच सर. ते कडेला वाकून एका मुलाचा व्हिडिओ काढत होते, पालकांच्या ग्रुपवर टाकायला. आतल्या आया आपापल्या मोबाईलमध्ये. मी मोजलं. सहा.

परत मोजलं. सहा. उथळ भागाच्या दोरीपलीकडे अन्वीची धरून पोहायची फळी एकटीच तरंगत होती. कोणी ओरडत नव्हतं. सगळं अगदी गप होतं.

तिसऱ्यांदा मोजलं नाही.

काचेचं दार मी कसं ढकललं ते आठवत नाही. चपला पायातच होत्या. पाण्यात डोळे उघडले तेव्हा गुलाबी टोपी तळाशी दिसली. बाकी मला काही शिकायचं नव्हतं. ते सगळं माझ्या अंगात होतं.

आणि मग ती ओरड. पाणी खराब केलंस.

लताने वर फोन केला. मॅडम जिमच्या कपड्यांत धावत आल्या. अन्वी माझ्या मांडीवरून उठून त्यांच्या गळ्यात पडली. पडणारच, आई आहे. मॅडम रडत होत्या. रडत रडत सरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "थँक यू सर. तुम्ही होतात म्हणून..."

सर म्हणाले, "मी होतोच ना. घाबरू नका."

मी तीन हातांवर उभी होते. केसांतून पाणी गळत होतं. पाणी खराब केलं म्हणाले ते मला एवढं लागलं नाही, जेवढं ते थँक यू लागलं. ते माझं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते दुसऱ्याला देऊन टाकलं. घरी गेल्यावर मी जेवले नाही. तनूने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, भिजले."

दोन दिवसांनी मला सोसायटीच्या क्लबच्या ऑफिसात बोलावलं. क्लास चालवणारे साहेब, सर आणि मॅडम. टेबलावर छापलेला कागद होता. साहेब म्हणाले, "वाच आणि सही कर. मुद्दाम मराठीत केलाय."

मी बोट ठेवून वाचू लागले. सर हसले. "मावशी वाचतायत. आता बसा संध्याकाळपर्यंत."

लिहिलं होतं की मी विनाकारण घाबरून, परवानगी न घेता पाण्यात उतरले. मुलं घाबरली. सर मुलीला बाहेर काढतच होते. झाल्याबद्दल मी माफी मागते.

मॅडमनी मला दाराशी नेलं. हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, करून टाका ना. तुम्ही काय केलंत ते मला माहितीये. पण चौकशी झाली तर रजिस्टर उघडतील. रोज माझी सही आहे तिथे. मी कडेला होते आणि माझीच मुलगी... लोक काय म्हणतील मला? अन्वीच्या बाबांना काय सांगू?"

म्हणजे यांना माहीत होतं. थँक यू कोणाचं ते यांना माहीत होतं.

"आणि नाही केली तर गेटपास बंद करतील तुमचा," त्या म्हणाल्या. "मग मी तरी काय करणार?"

मी पेन घेतलं. खरं सांगते, सही करणार होते. काम हवं होतं. मी पेन टेकवलं आणि माझा हात सवयीने मॅडमची सही काढायला निघाला. इंग्रजी, एका दमात. मी थांबले. माझं नाव मी शेवटचं कधी लिहिलं होतं? आठवेना.

मी कागद उलटा केला. पाठीमागे लिहिलं. वेळ लागला. कोणी हसलं नाही आता.

"सात होती. सहा झाली. सर मोबाईल धरून होते. मी काचेबाहेर होते कारण आत बसू देत नाहीत. दोनदा मोजून उडी मारली. रजिस्टरमधली मॅडमची सही रोज मी करत होते. मॅडम नव्हत्या."

खाली माझं नाव. मराठीत, पूर्ण, बापाच्या नावासकट.

साहेबांनी वाचलं. "हे कोणी सांगितलं तुला लिहायला?"

"कोणी नाही."

"मावशी!" मॅडम म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "सही सोप्पी आहे मॅडम. आता तुम्हीच करा." माझा आवाज कापत होता. पण फुटला.

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनने मोबाईल बघितला आणि मान हलवली. माझं नाव काढून टाकलं होतं. लताचा फोन आला. "वेडी आहेस तू. कोण मेडल देणार होतं तुला?" मग म्हणाली, "आज आठ आहेत. मोजतेय मी. पण माझ्या मॅडमची सही करतेय हां, मला काम पायजे."

अन्वीची आठवण येते. आता तिच्यासाठी कोण मोजतंय, मला माहीत नाही. लता रोज नसते.

मला सध्या दोन घरची भांडी मिळाली आहेत. हेवा गेलेला नाही. ती टोपी, ते टॉवेल, ते "गुड गुड" अजून पोटात जळतं. जळू दे. पूर्वी तो मला मान खाली घालायला लावायचा. आता रविवारी सकाळी तो मला उठवतो. मी तनूला गावच्या तळ्यावर नेते, पायऱ्यांच्या बाजूला, जिथे पाणी कमरेएवढं आहे. पहिल्या रविवारी ती एकटी होती. आता आळीतल्या आणखी तीन पोरी येतात. त्यांच्या आया आल्या तर कडेला बसतात, त्यांना कोणी उठवत नाही. पण मोजणारी मीच.

फक्त मिठाचा खडा मी तोंडात धरत नाही. मोठ्याने मोजते, तळ्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि यापुढे मी जिथे असेन तिथे माझंच नाव लागेल. जी हजर नाही तिला मी हजर करणार नाही. आणि पोर बुडत असेल तर कोणाचंही पाणी मी खराब करीन.